‘ब्राइट स्टार’ला मराठी अक्षरं

१६ जून २०२४, रविवार. सांगलीतल्या आमच्या फिल्म सोसायटीचा खेळ बघून मी आणि आई रिक्षानं घरी येत होतो. सिनेमा परदेशी होता, खाली इंग्रजी सबटायटल्स. आई तेव्हा ७८ वर्षांची होती. इंग्रजी पाट्या तिला वाचता येतात, पण पळत्या ओळी नाही. तरी गेली चार वर्षं ती माझ्याबरोबर प्रत्येक खेळाला येते आणि शेवटपर्यंत बसते. त्या दिवशी ती म्हणाली, “तुम्ही सगळे खाली वाचत होता. मी वर बघत होते. पण ती बाई शेवटी त्याला काय म्हणाली, तेवढं सांग.”

मी सांगितलं. त्या रात्री मला झोप आली नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. दुसऱ्याची पोरं शिकवून झाली आणि शेजारी बसलेल्या आईला दोन तास काही कळत नव्हतं. ठरवलं की एका सिनेमाला तरी पूर्ण मराठी सबटायटल्स करायची. चोरून नाही, रीतसर परवानगी काढून. त्याला आठ महिने लागले. वाटेत कुणाला काही विचारावं असं कुणी भेटलं नाही, म्हणून हे सगळं लिहून ठेवते आहे. कुणाला असं काही करायचं असेल तर निदान कागदपत्रांची वाट तरी सापडेल.

सिनेमा निवडायला वेळ लागला नाही. जेन कॅम्पियन यांचा २००९ सालचा ‘ब्राइट स्टार’. कवी जॉन कीट्स आणि त्याची शेजारीण फॅनी ब्रॉन यांची गोष्ट. १८१८ ते १८२१ ही तीन वर्षं, लंडनजवळचं हॅम्पस्टेड, एकाच घराचे दोन भाग आणि मधे एक भिंत. भिंतीच्या एका बाजूला कीट्स आणि त्याचा मित्र चार्ल्स ब्राउन कविता लिहीत बसलेले, दुसऱ्या बाजूला फॅनी, तिची आई, धाकटा भाऊ आणि छोटी बहीण. कीट्सच्या खिशात पैसा नाही, त्यामुळं लग्न होऊ शकत नाही. ब्राउनला फॅनी आवडते की नकोशी वाटते, हे त्याचं त्यालाच ठरवता येत नाही. त्यातच तो तिला गमतीनं प्रेमपत्र पाठवतो आणि कीट्सचा जळफळाट होतो. कीट्स वयाच्या पंचविसाव्या वर्षी रोममध्ये क्षयानं गेला, २३ फेब्रुवारी १८२१ ला.

हाच सिनेमा का, तर फॅनी शिवणकाम करते म्हणून. सिनेमा उघडतो तोच कापडातून आरपार जाणाऱ्या सुईवर, इतक्या जवळून की दोऱ्याचे धागे मोजता यावेत. माझ्या आईनं तीस वर्षं गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवून आमचं घर चालवलं. ही सुई तिनं बघायलाच हवी होती.

२० जूनला हक्कदारांचा शोध सुरू केला. सिनेमाच्या शेवटच्या नामावलीतून सुरुवात करायची, हे मला आपसूक सुचलं आणि ते बरोबर निघालं. निर्माते वेगळे, जगभर विकणारी कंपनी वेगळी आणि ती कंपनीही दरम्यानच्या पंधरा वर्षांत दुसरीकडं गेलेली. तीन पत्ते चुकले. चौथ्या पत्त्यावरून २६ दिवसांनी, १६ जुलैला, उत्तर आलं. त्यांनी पाच प्रश्न विचारले होते: हॉल कुठं, खुर्च्या किती, खेळ किती, तिकीट लावणार का, सबटायटल्स कोण करणार. या पाचांची उत्तरं पहिल्याच पत्रात लिहिली असती तर माझा महिना वाचला असता. मी मात्र पहिल्या पत्रात आईबद्दल दोन परिच्छेद लिहिले होते.

कायद्याची बाजू इथंच सांगते, कारण माझाही आधी गोंधळ झाला होता. कीट्सला जाऊन दोनशे वर्षं झाली. त्याच्या कविता आणि पत्रं कुणीही भाषांतरित करावीत, कुणाला विचारायला नको. पण सिनेमाचे संवाद ही वेगळी कृती आहे. त्यांचं भाषांतर करायचं तर हक्कदारांची परवानगी लागते, कारण भाषांतराचा हक्कही मूळ हक्कातच येतो. आणि कीट्सचं एखादं जुनं मराठी भाषांतर हाती लागलं तरी ते सरळ उचलता येत नाही. मूळ कविता मोकळी असली तरी भाषांतरकाराचा हक्क त्याच्या मरणानंतर ६० वर्षं राहतो. म्हणून मी सगळं स्वतः करायचं ठरवलं, कवितांसकट.

९ ऑगस्टला कराराचा मसुदा आला. एकच खेळ, फक्त सदस्यांसाठी, विनातिकीट. सिनेमाच्या फाईलला हात लावायचा नाही, म्हणजे अक्षरं चित्रावर कायमची छापायची नाहीत, ती वेगळ्या फाईलमधून चालवायची. ती फाईल इंटरनेटवर टाकायची नाही. खेळानंतर एक प्रत त्यांच्याकडं द्यायची. शुल्क २०० पौंड, सर्व कर वगळून. ‘कर वगळून’ या दोन शब्दांकडं मी नीट पाहिलं नाही. पुढं ते महागात पडले.

सही करून पाठवल्यावर २१ ऑगस्टला संवादांची यादी आली, ८४ पानं. आणि पाहण्यासाठी एक प्रत, जिच्यावर मधोमध सोसायटीचं नाव पाण्याच्या खुणेसारखं उमटलेलं होतं.

मग सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. रोज रात्री जेवणं उरकल्यावर साडेनऊ ते साडेअकरा. सबटायटल एडिट नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, ते माझ्या एका माजी विद्यार्थ्यानं लॅपटॉपवर टाकून दिलं आणि दोन संध्याकाळी बसून शिकवलं. एका वेळी पडद्यावर जास्तीत जास्त दोन ओळी. माणसाला वाचायला वेळ मिळाला पाहिजे आणि वाचून झाल्यावर चित्राकडं बघायलाही वेळ उरला पाहिजे. सॉफ्टवेअर ओळीतली अक्षरं मोजून ‘फार लांब’ म्हणून लाल रंग दाखवतं. पण ते काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगवेगळं मोजतं. ‘स्त्री’ हा शब्द त्याच्या हिशेबात सहा अक्षरांचा आहे. मी आठवडाभर त्या लाल रंगाला घाबरून चांगली वाक्यं कापत बसले. नंतर मोजणं सोडलं आणि आईला समोर बसवलं. ओळ दाखवायची, तिचं वाचून झालं की तिनं मान हलवायची. मान हलायच्या आत ओळ गेली तर ती लांब. देवनागरीसाठी याहून चांगली पट्टी मला मिळाली नाही.

भाषांतराचा खरा गुंता पाचव्याच मिनिटाला सुरू झाला. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. मराठीत काय करायचं?

फॅनी अठरा वर्षांची, कीट्स तेवीस. सुरुवातीला ते एकमेकांना मिस ब्रॉन आणि मिस्टर कीट्स म्हणतात, तेव्हा ‘तुम्ही’ हे ठरलेलंच. ब्राउन कीट्सला अरे-तुरे करणार, तेही ठरलेलं. फॅनी आणि ब्राउन सारखे भांडत असतात, पण भांडतात ते ‘तुम्ही’ म्हणूनच. त्या ‘तुम्ही’लाच धार आहे. पण कीट्स आणि फॅनी ‘तू’वर कधी येतात? संवादांच्या यादीत त्याचं उत्तर कुठंच नाही. ते मलाच द्यायचं होतं आणि एकदा ‘तू’ लिहिलं की मागं फिरता येत नाही.

मी सिनेमा त्या एका प्रश्नासाठी तीनदा पाहिला. पहिल्या चुंबनापाशी बदलावं असं आधी वाटलं. तिथून परतताना छोटी बहीण पुढं चालते आहे, ती मागं वळली की हे दोघं पुतळ्यासारखे थबकतात. फार गोड प्रसंग आहे. पण आई म्हणाली, “इतक्या लवकर नको. तोंडानं तू म्हणायला धीर लागतो. कागदावर आधी येतं.” तिचं म्हणणं बरोबर होतं. १८१९ च्या उन्हाळ्यात कीट्स आइल ऑफ वाइट बेटावर लिहायला जातो आणि तिथून तिला पत्र लिहितो की आपण फुलपाखरं असतो आणि उन्हाळ्याचे तीन दिवस जगलो असतो तरी चाललं असतं. १ जुलै १८१९ चं हे खरं पत्र आहे. त्या पत्रात मी पहिल्यांदा ‘तू’ लिहिलं. तो परत आल्यावर बोलताना पुन्हा ‘तुम्ही’वर जातो, दोन प्रसंग अडखळतो आणि मग ‘तू’ तोंडावाटे येतं.

हे जमलं म्हणून आनंदात असतानाच दुसरी अडचण आली. घरात अ‍ॅबिगेल नावाची मोलकरीण आहे. ब्राउन तिला ‘तू’ म्हणणार, दुसरं काय म्हणणार? आणि हाच ब्राउन पुढं तिला दिवस जाईपर्यंत तिच्याशी संबंध ठेवतो. म्हणजे माझ्या सबटायटल्समध्ये दोन पुरुष दोन बायकांना ‘तू’ म्हणत होते आणि दोन्ही ‘तू’ पडद्यावर सारखेच दिसत होते. कीट्सच्या ‘तू’त जे आहे ते ब्राउनच्या ‘तू’त नाही, हे कसं दाखवायचं? सात-आठ रात्री यात गेल्या. शेवटी ब्राउन अ‍ॅबिगेलशी बोलतो त्या ओळींतून सर्वनामच काढून टाकलं. नुसती आज्ञार्थी क्रियापदं ठेवली: आण, ठेव, जा. मराठीत ते चालतं आणि त्यात तिची जागाही कळते. ‘तू’ हा शब्द सबंध सिनेमात घरच्या माणसांसाठी, दोन मित्रांसाठी आणि कीट्स-फॅनीसाठी राहिला. हे प्रेक्षकांच्या लक्षात येणार नाही, मला ठाऊक होतं. पण मला करायचं होतं.

आणखी एक गोष्ट काम करताना समजली. कीट्सनं फॅनीला लिहिलेली पत्रं उरली आहेत, १८७८ मध्ये ती छापलीही गेली आणि तेव्हा लोकांना त्यांचा मोठा धक्का बसला. पण फॅनीनं त्याला लिहिलेली पत्रं उरली नाहीत. शेवटची काही त्यानं फोडलीसुद्धा नाहीत. वाचायचा धीर होईना. ती तशीच त्याच्याबरोबर पुरली. त्यामुळं सिनेमात कीट्सच्या तोंडी त्याच्या स्वतःच्या पत्रांतली वाक्यं मधूनमधून येतात, तर फॅनीचं बोलणं बहुतेक सगळं दिग्दर्शिकेनं रचलेलं आहे. हे कळल्यावर मी दोघांची मराठी वेगळी केली. त्याच्या वाक्यांना किंचित लिखित वळण ठेवलं, तिचं बोलणं सरळ घरातलं. तो कविता समजावून सांगतो त्या प्रसंगात तळ्याचं उदाहरण देतो. तळ्यात सूर मारायचा तो काठ गाठायला नाही, पाण्यात असण्यासाठी. ‘सूर मारणं’ हा शब्द कृष्णाकाठच्या माणसाला शोधावा लागत नाही.

कपड्यांचे शब्द सगळे आईनं दिले. फॅनी आपल्या झग्याच्या कॉलरबद्दल अभिमानानं सांगते. तीन पदरी चुण्यांची, छत्रीसारखी फुगलेली कॉलर, अशी कॉलर आख्ख्या गावात पहिली आपली. इंग्रजी शब्दकोशात मला नुसती ‘घडी’ सापडत होती. आईनं पडद्यावर चित्र थांबवायला लावलं, चष्मा पुढं केला आणि म्हणाली, “घडी नाही ही. चुण्या आहेत. एकावर एक तीन थर. दिवसभराचं काम आहे.” कीट्सचा धाकटा भाऊ टॉम क्षयानं जातो, १ डिसेंबर १८१८ ला, तेव्हा फॅनी रात्रभर जागून त्याच्या डोक्याखाली ठेवायला उशीचा अभ्रा भरते. तिथं आईनं काहीच सांगितलं नाही. पुन्हा एकदा लाव म्हणाली, एवढंच.

क्षय या शब्दावरही बोलणं झालं. मी आधी ‘टीबी’ लिहिलं होतं, छोटा शब्द म्हणून. आई म्हणाली, “तेव्हा क्षय म्हणायचे. हळू आवाजात म्हणायचे.” तिचा मोठा भाऊ, माझा मामा, वानलेसवाडीच्या सॅनेटोरियममध्ये सहा महिने होता. तोपर्यंत स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं औषध आलं होतं. तो बरा होऊन घरी आला आणि ऐंशी वर्षं जगला. कीट्स स्वतः औषधविद्या शिकलेला होता, लंडनच्या गायज रुग्णालयात. भाऊ डोळ्यांदेखत गेलेला. ३ फेब्रुवारी १८२० च्या रात्री खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा त्याचा रंग बघूनच तो समजला. त्या ओळी लिहिताना मामाची आठवण काढत आम्ही दोघी बराच वेळ बसलो.

मामावरून आठवलं. फॅनी आईला ‘ममा’ म्हणते. देवनागरीत ते ‘मामा’च्या इतकं जवळ जातं की आमच्या प्रेक्षकांचा नक्की घोटाळा होणार. मी सगळीकडं ‘आई’ केलं. शेवटी, कीट्स गेल्याची बातमी कळल्यावर, फॅनी जिन्यात कोसळते आणि श्वास घेता येत नाही म्हणून आईला हाक मारते. तिथंही मी लिहिलं: “आई, मला श्वास घेता येत नाही.” ही ओळ क्रमांक १०३१. तिच्याकडं पुन्हा येते.

कवितेत तीन आठवडे गेले. कीट्सच्या ज्या सुनीतावरून, म्हणजे चौदा ओळींच्या कवितेवरून, सिनेमाचं नाव आलं ते शेवटी फॅनी म्हणते. केस कापलेले, अंगावर काळे कपडे, बर्फातल्या पायवाटेनं ती चालते आहे आणि चालता चालता कविता म्हणते आहे. मी आधी ते शार्दूलविक्रीडित वृत्तात बांधलं. चौदा ओळी, प्रत्येकी एकोणीस अक्षरं, फार कष्टानं जमवलं. पडद्यावर लावून पाहिलं तर सगळं चुकलेलं. फॅनी मधेच थांबते, गळा दाटतो, अर्ध्या शब्दावर श्वास तुटतो. वृत्त थांबत नाही. ते आपल्या चालीनं पुढं निघून जातं आणि ती मागं राहते. मी वृत्त सोडलं आणि तिच्या श्वासावर ओळी तोडल्या.

तारा कोणता, हाही प्रश्न होता. मराठीत प्रेमाचा तारा म्हणजे शुक्रतारा, ते भावगीत आपल्या कानात बसलेलं आहे. पण शुक्र मावळतो. कीट्सला न ढळणारा तारा हवा आहे. ध्रुव म्हणावं तर लगेच बापाच्या मांडीवरून उठवलेलं पोर डोळ्यांपुढं येतं. म्हणून नाव न घेता लिहिलं:

तेजस्वी ताऱ्या,
तुझ्यासारखा मी अढळ असतो तर

‘असतो’ लिहिलं आणि हात थांबला. म्हणणारी फॅनी आहे. बाई बोलते आहे तर ‘असते’ नको का? इंग्रजीत हा प्रश्नच उठत नाही, तिथं क्रियापदाला लिंग नाही. प्रेक्षकांना ‘असतो’ ही चूक वाटेल, अशी भीती वाटली. पण पुढच्या ओळींत कवी म्हणतो की मला माझ्या प्रियेच्या छातीवर डोकं ठेवून, तिचा श्वास ऐकत, कायम जागं राहायचं आहे. ती प्रिया म्हणजे खुद्द फॅनी. ती त्याचे शब्द त्याच्याच लिंगात म्हणते आहे. तो गेला आहे आणि तिच्या तोंडून तो बोलतो आहे. ‘असते’ केलं असतं तर तो त्या पायवाटेवर उरलाच नसता. आईला विचारलं. ती म्हणाली, “असतोच ठेव.”

श्रेयनामावली सरकताना नाइटिंगेल पक्ष्यावरचं कीट्सचं दीर्घ गीत ऐकू येतं. मूळ गीत ऐंशी ओळींचं. पांढरी नावं आणि त्यांच्यावर मराठी ओळी, दोन्ही एकमेकांत मिसळत होतं. तिथं सबटायटल्स दिली नाहीत. भाषांतर कागदावर छापून खुर्च्यांवर ठेवलं, १२० प्रती, ६०० रुपये.

भाषांतर चालू असताना पैशाचं वेगळंच प्रकरण चाललं होतं. २०० पौंड परदेशी पाठवायचे म्हणजे बँकेत जायचं आणि फॉर्म भरायचा, अशी माझी समजूत होती. ऑक्टोबरात बँकेनं कागद परत केले. आमच्या सीएंनी समजावून सांगितलं: परदेशी कंपनीला प्रदर्शनहक्काचे पैसे देताना इथं कर कापावा लागतो. कंपनीनं तिच्या देशातल्या करनिवासाचा दाखला, म्हणजे ती तिथली करदाती असल्याचा कागद, आणि त्याच्या जोडीचा १०एफ हा फॉर्म दिला तर भारत-ब्रिटन कर-करारामुळं १५ टक्के, नाही दिला तर जास्त. आणि कर कापणाऱ्याकडं टॅन क्रमांक हवा. सोसायटीकडं पॅन होता, टॅन नव्हता. ४९बी फॉर्म भरून तो काढला, १९ दिवसांनी आला. करनिवासाचा दाखला कंपनीकडं तयार होता, पण १०एफ तेव्हा आयकराच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरावा लागत होता, त्यात आणखी तीन आठवडे गेले. आणि ते ‘कर वगळून’ शब्द इथं आडवे आले. त्यांच्या हातात पूर्ण २०० पौंड पडायला हवेत, म्हणजे कर आम्ही वरून भरायचा. २०० पौंडांचे २१,४०० रुपये झाले, त्यावर कर ३,७७६. सीएंनी स्वतःची फी २,००० लावली, बँकेचा खर्च दीड हजाराच्या आसपास. परदेशी पैसे पाठवताना तेव्हा लागणाऱ्या १५सीए फॉर्मचा भाग अ आम्ही भरला. वर्षभरातली रक्कम पाच लाखांच्या आत असल्यामुळं सीएचं वेगळं प्रमाणपत्र लागलं नाही. ८ जानेवारी २०२५ ला पैसे गेले. कापलेला कर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत भरायचा आणि मग कापलेल्या कराचं तिमाही विवरणपत्र (तेव्हा त्याचं नाव २७क्यू होतं), हे विसरू नका. त्याचा दंड रोज वाढतो.

सोसायटीचे सेक्रेटरी काका या सगळ्यात एकदाही वैतागले नाहीत. अर्धा खर्च सोसायटीनं उचलला, अर्धा मी. खेळाची तारीख त्यांनीच काढली. २३ फेब्रुवारी, कीट्सची पुण्यतिथी, आणि २०२५ मध्ये ती नेमकी रविवारी येत होती.

९ फेब्रुवारीला रिकाम्या हॉलमध्ये चाचणी घेतली. खेळाची फाईल आदल्या दिवशी उतरवून घेतली होती. पहिली दोन मिनिटं सगळं बरोबर. दहाव्या मिनिटाला प्रश्नाच्या आधी उत्तर दिसायला लागलं. अर्ध्या तासाला अक्षरं सव्वा मिनिट पुढं गेली होती. कीट्स दारात उभा आणि खाली त्याचा निरोप. मी मटकन खुर्चीत बसले. आठ महिन्यांचं काम वाया गेलं, असंच वाटलं. विद्यार्थ्यानं दोन्ही फाईलींची लांबी पाहिली. मी ज्या प्रतीवर काम केलं ती १ तास ५४ मिनिटांची, खेळाची १ तास ५९. कापाकापी कुठंच नव्हती. एक सेकंदाला २५ चौकटींनी धावत होती, दुसरी २४. सबटायटल एडिटमध्ये फ्रेम रेट बदलायची सोय आहे, २५ चं २४ केलं, दोन मिनिटांत १,०४६ ओळी जागेवर आल्या. काम सुरू करण्याआधी खेळाच्या फाईलचा फ्रेम रेट विचारून घ्या. एका ओळीचा ईमेल पुरतो.

त्याच चाचणीत दुसरंही कळलं. हॉलच्या संगणकावर वेलांट्या अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडत होत्या आणि जोडाक्षरं फुटत होती. माझाच लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला, व्हीएलसीत फॉन्ट मुक्ता केला, अक्षरं दोन अंशांनी मोठी केली, कारण पुढच्या तीन रांगांत सगळे साठीच्या वरचे बसतात. फाईल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात साठवलेली हवी, नाहीतर अक्षरांच्या जागी भलत्याच खुणा दिसतात. आणि सगळ्यात शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसून वाचून बघा. घरच्या पडद्यावर वाचलेलं तिथं वाचता येईलच असं नाही.

२३ फेब्रुवारीला संध्याकाळी सहाला खेळ होता. हॉलचं भाडं ४,५००. माणसं ९४ आली, एरवी चाळीस येतात. बऱ्याच जणींनी आपल्या आयांना आणि सासवांना आणलं होतं. मी प्रोजेक्टरपाशी लॅपटॉपवर हात ठेवून उभी होते, पूर्ण वेळ. आई तिसऱ्या रांगेत. सुईचं पहिलं दृश्य आलं तेव्हा ती पुढं वाकली, तेवढं मला मागून दिसलं. कॉलरच्या ओळीला हॉलमधून हसण्याचे आवाज आले, बायकांचे. पत्रातल्या ‘तू’पाशी कुणी काही बोललं नाही, पण शेजारी उभे असलेले सेक्रेटरी काका हळूच म्हणाले, “आता तू म्हणाला.” त्यांना दिसलं होतं.

फॅनी जिन्यात कोसळली तेव्हा हॉलमध्ये कुणी हललं नाही. ‘असतो’बद्दल नंतर कुणीही विचारलं नाही. दिवे लागल्यावरही लोक कागद हातात धरून नाइटिंगेलचं गीत ऐकत बसून होते.

घरी जाताना रिक्षात आई गप्प होती. विश्रामबागच्या चौकात आल्यावर म्हणाली, “सगळं कळलं मला.” मग थोड्या वेळानं, “एक सांगू? ती पोर आईला हाक मारते ना जिन्यात, तिथं खाली अक्षरं कशाला आलीत? माझी नजर खाली गेली. तेवढ्यात तिचं तोंड बघायचं राहिलं.”

“वाचायला नको का, काय म्हणते ते?”

“हाक आहे ती. कळते की.”

घरी आल्यावर चहासुद्धा न घेता लॅपटॉप उघडला. ओळ १०३१ निवडली आणि पुसली. सॉफ्टवेअरनं पुढचे सगळे क्रमांक आपोआप एकानं खाली आणले, शेवटचा १०४५ झाला. फाईल साठवली आणि करारात ठरल्याप्रमाणे तीच प्रत रात्री पावणेबाराला हक्कदारांना पाठवली.